बाबा, भिंत उभी आहे

॥ श्री ॥

मत्रा, मस्कत
शनिवार, २७ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

इथे रात्रीचे दहा वाजलेत, म्हणजे सांगलीत साडेअकरा. तुम्ही दोघं केव्हाच झोपला असाल. मुलं दमून पडली आहेत आणि हे कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, एक फेरी मारून येतो म्हणून खाली गेलेत. समोर मत्र्याचं बंदर आहे. मालाची जहाजं २०१४ पासून सोहारला जातात, त्यामुळे क्रेनचा तो रात्रभराचा खडखडाट नाही. दिव्यांनी लखलखलेलं एक प्रवासी जहाज तेवढं लागलंय. टेकडीवर किल्ला, तसाच.

आई, तू परवा फोनवर विचारलंस, "घर सापडलं का गं?" आणि मला "हो, सापडलं" याच्या पुढे काही बोलता आलं नाही. मागे बाजाराचा गलका होता, धाकटा हात ओढत होता. मग बाबा पलीकडून म्हणाले, "फोनवर नको, सविस्तर लिही." म्हणून खालून कागद मागून आणले.

हातानं एवढं लांब पत्र किती वर्षांनी लिहितेय! इथे असताना दर शुक्रवारी सकाळी आई मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायची आणि आजीला पाच ओळी लिहायला लावायची. शाळेत मराठी नव्हतंच, माझी सगळी जोडाक्षरं त्या पाच ओळींत घडली. 'कृष्णेला पाणी आलं का?' हे वाक्य मी कृष्णा धड बघितलेली नसताना किती वेळा लिहिलंय. खाली उरलेल्या जागेत आई बारीक अक्षरात स्वतःचं लिहायची आणि मग ते निळं एरोग्राम जिभेनं ओलं करून चिकटवायचं काम माझं. तो डिंकाचा गोडसर कडू स्वाद अजून आठवतो.

आता क्रमानं सांगते.

रविवारी सकाळी उतरलो. विमान खाली यायला लागलं तसे डोंगर दिसले. आई, तू म्हणायचीस ना, करपलेल्या भाकरीसारखे डोंगर, अगदी तसेच. मी थोरलीला तुझे शब्द सांगितले तर ती काचेला नाक लावून म्हणाली, "आजी बरोबर म्हणते, वरून पापुद्रेपण सुटलेत." एक झाड नाही, गवताची काडी नाही, आणि त्यांच्या बेचक्यांत पांढरी शुभ्र घरं. माझ्या पोटात कसंतरी झालं. कोकणातले हिरवे डोंगर बघून सगळ्यांना बरं वाटतं, मलाही वाटतं. पण हे उघडे, काळेकरडे डोंगर बघितल्यावर जे झालं ते वेगळं होतं, आणि त्याचं कारण मला कुणाला समजावून सांगता येणार नाही.

विमानतळ नवा झालाय, २०१८ पासून. आपला सीबचा जुना विमानतळ, जिथे काचेपलीकडे बाबा हात करून उभे असायचे, तो मनात धरून आले होते, त्यामुळे आधी जरा हिरमोड झाला. पासपोर्टच्या खिडकीत पंचविशीतला एक पोरगा होता, पांढरी पायघोळ दिशदाशा, डोक्यावर कशिदा काढलेली कुम्मा टोपी. त्यानं माझा पासपोर्ट उघडला, एका जागी बोट ठेवलं आणि वर बघितलं. "मस्कत?" मी म्हटलं, हो, जन्म इथलाच. त्यानं विचारलं, "खौला?" मी म्हटलं, खौलाच. तो हसला, स्वतःच्या छातीला हात लावून म्हणाला, "मी टू." शिक्का मारला आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला. बाकीचे प्रवासी मागे ताटकळत होते, नाहीतर मी त्याला सांगणार होते की १९८१ च्या जुलैत, घामाच्या धारा लागल्या असताना, बाबा कुणाच्या तरी पिकअपमधून आईला त्या खौला हॉस्पिटलात घेऊन गेले होते.

बाबा, गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना तुम्ही जे बोललात ते तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. "पंधरा वर्षं परक्या मुलखात काढली, पोरांना धड गाव म्हणून दिलं नाही मी." दादा काही बोलला नाही, मीही नाही. दादाला परत आल्यावर शाळेत 'मस्कतवाला' म्हणून चिडवायचे, ते त्याला किती लागलं होतं हे मला माहीत आहे. पण मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मला गाव आहे, बाबा. तिथे जायला व्हिसा काढावा लागतो, तिथे आपल्या नावावर वीतभर जागा नाही, तिथला कुणी मला ओळखत नाही, तरीही आहे. ते नुसतं तोंडानं सांगण्यापेक्षा बघून येऊन सांगावं, म्हणून ही सुट्टी मी इथे मागून घेतली. हे थायलंडला जाऊ म्हणत होते, पण मी हट्ट धरल्यावर एका शब्दानं मोडता घातला नाही.

पहिले दोन दिवस मुलांचे होते. त्यांच्या डोक्यात दुबई होती, उंच उंच इमारती शोधत होती. इथे घरं बुटकी आणि पांढरी असावीत हा नियमच आहे, हे ऐकून धाकटा जरा नाराज झाला. मोठी मशीद बघितली. आपल्या वेळी ती नव्हती, २००१ साली उघडली. आतला गालिचा एकसंध आहे, ७० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद. इराणमधल्या सहाशे बायकांनी चार वर्षं खपून गाठी मारल्या. पण बाबा, तुमच्यासाठी खास गोष्ट अशी की भिंतींचा वालुकाश्म भारतातून आलाय, तीन लाख टन. मी तळवा लावून बघितला, उन्हात असूनही गार होता.

मंगळवारी आपल्या रुवीला गेलो.

हाय स्ट्रीटच्या तोंडाशी टॅक्सी सोडली, कारण मला पायी जायचं होतं. घड्याळाचा मनोरा दिसला आणि पाय आपोआप वळले. यांनी फोनवर नकाशा उघडला होता, त्याची गरजच पडली नाही. दुकानं पुष्कळ बदललीत, पण सोन्याची, कापडाची, मनी एक्स्चेंजची दाटी तशीच. हिंदी, मल्याळम, बंगाली, उर्दू कानावर पडत होतं, अरबी सगळ्यांत कमी. बिल्डिंगच्या खाली शिंप्याचं दुकान होतं ना, तिथे आता मोबाइल दुरुस्ती आहे. जिना तोच. पायऱ्यांच्या कडा झिजून मध्ये खोलगट झाल्यात. कठड्याची लोखंडी पट्टी तिसऱ्या वळणावर थोडी वाकलेली होती, ती अजून तशीच वाकलेली आहे! गॅसचं सिलिंडर आणताना वाकली होती ती.

दारापुढे उभी राहिले आणि धीर होईना. यांनीच बेल दाबली.

एका मल्याळी बाईनं दार उघडलं, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. नर्स आहे, रात्रपाळी करून नुकतीच उठली होती. मी सांगितलं, मी लहानपणी या घरात राहत होते, १९९३ पर्यंत. तिनं क्षणभर आम्हा चौघांकडे बघितलं आणि दार पूर्ण उघडलं. "आओ आओ, चप्पल रहने दो." आम्ही अर्थातच चपला काढल्या.

आई, हॉल एवढासा आहे. दिवाण, कपाट, टीव्ही, दादाचं अभ्यासाचं टेबल आणि पाहुणे आले की चार जणांचं अंथरूण, हे सगळं तू कुठे बसवत होतीस? खिडकीत एसी होता ती जागा प्लायवूडनं बंद केलीय. फरशी तीच, पांढऱ्यावर करडे ठिपके. मी वर बघितलं. बाबा, तुम्ही गणपतीसाठी मारलेला हूक छतात आहे! पंखा आणि खिडकी यांच्या बरोबर मध्ये. साइटवरून ड्रिल आणलं होतं, गुरुवारी रात्री. घरमालक काय म्हणेल म्हणून आई घाबरली होती, आणि तुम्ही स्टुलावर चढून म्हणाला होतात, "हा हूक बिल्डिंग पडली तरी पडायचा नाही." त्याला आता कागदाची मोठी लाल चांदणी लावलीय, आत दिवा. नाताळसाठी. त्यांच्याकडे दर वर्षी तिथेच लावतात. तिला वाटत होतं, हूक घर बांधणाऱ्यानंच ठेवलाय. मी तिला सांगितलं, हा माझ्या वडिलांनी लावलाय, आमच्या देवाच्या आराशीसाठी. तिनं हात जोडले, वर बघून. मग धाकट्याला विचारलं, केक खाणार का?

थोरलीनं विचारलं, विसर्जन कुठे करायचात? मी तिला बाल्कनी दाखवली. बादली तिथेच ठेवायचो. सांगलीहून शाडूची माती पिशवीतून यायची, मूर्ती बाबा करायचे, सोंड दर वर्षी दादा करायचा. बादलीत विरघळली की ती माती आई तुळशीच्या कुंडीत घालायची. इथल्या उन्हात तुळस जगवणं म्हणजे काय, हे मला परवा त्या बाल्कनीत दुपारी उभं राहिल्यावर कळलं. डिसेंबर असून भिंत तापली होती.

आणि मग स्वयंपाकघर. आई, तुला हे लिहायचं होतं म्हणूनच हे पत्र.

ओट्यासमोरची खिडकी उघडली तर समोर डोंगर. हात दोन हात लांब केले तर लागेल इतका जवळ. माझ्या आठवणीत ती खिडकी म्हणजे मजा होती, खडकावर कधी बकरी यायची, तू आम्हाला हाक मारायचीस. परवा मी तिथे उभी राहिले. आकाश बघायचं तर मान वाकडी करावी लागते. खाली गल्ली, वर टाकीच्या पाइपा, समोर नुसता खडक. तू सांगलीत शाळेत शिकवत होतीस, बिनपगारी रजा काढून आलीस आणि ८२ साली राजीनामा पाठवलास. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला नोकरी करता येत नव्हती. बाबांचा फॅमिली स्टेटस, म्हणजे कुटुंब आणायची परवानगी, झाला म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले. त्या स्टेटसमध्ये तुझी शाळा गेली, हे कुणी बोललं नाही. तू तेरा वर्षं त्या खडकाकडे बघत पोळ्या लाटल्यास. संध्याकाळी शेजारपाजारची पोरं गोळा करून त्यांना गणित शिकवायचीस, पैसे कधी घेतले नाहीस. आम्हाला वाटायचं, आईला आवडतं म्हणून. मला आज कळतंय की ती तुझी शाळा होती. आई, मी कधी विचारलं नाही. आता आले की विचारणार आहे आणि तू "त्यात काय एवढं" म्हणून उठून जायचं नाहीस.

त्या बाईनं आम्हाला पाणी दिलं, त्यांच्याकडचं ते लाकूड घालून उकळलेलं गुलाबी पाणी. मी दोन पेले प्यायले. निघताना तिनं तिच्या आईचा फोटो दाखवला, कोट्टयमला असते, आणि तीन वर्षं जाणं झालं नाही म्हणाली. तिची मुलगी दारामागून माझ्याकडे बघत होती. सात-आठ वर्षांची असेल. मी तिला विचारलं, शाळा कुठली? म्हणाली, दारसैतमधली इंडियन स्कूल मस्कत. तीच आपली शाळा, १९७५ ची. नाताळची सुट्टी होती, म्हणून बाहेरूनच बघून आलो. आपल्या वेळी इतक्या बस नव्हत्या. तिथून कृष्णाच्या देवळात गेलो, नारळ दिला. मुलांना तहान लागली होती म्हणून फार थांबलो नाही.

बुधवारी घाटात गेलो. बाबा, आता तुमचं.

टॅक्सीवाले काका इथलेच ओमानी, सत्तरीला टेकलेले. इथे टॅक्सी ओमानी माणसालाच चालवता येते, तुम्हाला माहीतच आहे. हिंदी छान बोलत होते. मी सांगितलं, वाडी कबीरहून अल बुस्तानकडे उतरताना दगडी भिंत आहे, तिथे पाच मिनिटं थांबायचंय, माझ्या वडिलांनी बांधलीय. ते आरशातून माझ्याकडे बघत राहिले. "कौन से साल?" ८५, मी म्हटलं. नोव्हेंबरात अल बुस्तानच्या नव्या हॉटेलात आखाती राष्ट्रांची परिषद होती, त्याआधी सगळं संपवायचं होतं, हे मला तुमच्या तोंडून शंभरदा ऐकून पाठ आहे. त्या महिन्यांत तुम्ही घरी यायचात तेव्हा आम्ही झोपलेलो असायचो, आणि बुटांत पांढरी धूळ असायची.

काका म्हणाले, एके काळी सगळ्या देशात मिळून दहा किलोमीटर डांबरी रस्ता होता. सुलतान काबूस गादीवर आले त्या १९७० सालची गोष्ट. नाव घेताना त्यांनी आवाज खाली आणला. पुढे काही बोलले नाहीत थोडा वेळ. २०२० च्या जानेवारीत सुलतान गेले, ते अजून काकांच्या घरातलंच कुणी गेल्यासारखं आहे.

भिंत उभी आहे, बाबा.

वळणावर, तुम्ही सांगायचात तिथेच. दगड काळपट पडलेत पण सांधा कुठे उघडलेला नाही, पोट सुटलेलं नाही. मी मुलांना तुमचं जुनं वाक्य सांगितलं, भिंत मातीच्या वजनानं पडत नाही, मागे साठलेल्या पाण्यानं पडते, म्हणून पाण्याला वाट ठेवायची. धाकट्यानं खालच्या ओळीतली भोकं मोजली, त्याला दिसली तेवढी सदतीस. बहुतेकांच्या खाली चुन्यासारखा पांढरा ओघळ उतरलाय, म्हणजे पाणी अजून त्यांतून येतंय. एका भोकात कुठल्याशा पाखरानं काड्या कोंबल्या होत्या. धाकटा काड्या काढायला निघाला, आजोबांच्या भिंतीला वाट मोकळी हवी म्हणून. मग थोरली म्हणाली, घरटं आहे, राहू दे, बाकीची छत्तीस आहेत. बराच वाद होऊन घरटं राहिलं.

काकांनी गाडीतून उतरून स्वतः भिंतीवर थाप मारली. २००७ च्या जूनमध्ये गोनू वादळ आलं, तेव्हा वाड्या, म्हणजे इथले कोरडे ओढे, फुटल्या, रस्ते वाहून गेले, गाड्या समुद्रात गेल्या, ते सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. म्हणाले, त्यानंतर कितीतरी भिंती नव्यानं बांधाव्या लागल्या. "ये नहीं गिरी." एवढंच म्हणाले, पण मला तुम्ही तिथे असायला हवे होतात असं इतकं वाटलं की मी रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले. मुलांसमोर रडायचं नव्हतं. तुमच्या गुडघ्यांना विमानाचा जिना झेपणार नाही म्हणून तुम्ही आला नाहीत. पण आता चाकाची खुर्ची मिळते, बाबा, माझ्या डोळ्यांनी बघितलं, सगळी सोय असते. विचार करा.

परत येताना काकांनी त्यांचं सांगितलं. त्यांचा जन्म झांझिबारचा. १९६४ ची क्रांती झाली तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते, घर टाकून निघाले. पुढे सुलतान काबूस यांनी आपल्या लोकांना परत बोलावलं, तेव्हा इथे आले, अरबी धड येत नव्हतं. तीस वर्षांनी एकदा झांझिबारला जाऊन घर शोधलं. घरात दुसरे लोक. मी विचारलं, मग काय केलंत? म्हणाले, "आंगन में कुआँ था हमारा. मैंने बोला, पानी पिला दो. पी लिया, आ गया." मी म्हटलं, काका, मीही काल पाणी पिऊन आले. ते मोठ्यानं हसले आणि मग घाट संपेपर्यंत कुणी बोललं नाही. हॉटेलपाशी उतरलो तेव्हा थांबल्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. यांनी खूप आग्रह केला. शेवटी मुलांना म्हणून मी आणलेली शेंगदाण्याची चिक्की दिली, ती घेतली.

काल शुक्रवार, निझव्याला गेलो, पहाटे निघून. बकऱ्यांचा बाजार मुलांना सगळ्यांत आवडला: मालक बकरीचा दोर धरून गोल गोल फिरतात, घेणारे मध्ये आणि कडेला बसून दात, कास बघतात, भाव ओरडतात. किल्ल्याच्या गोल बुरुजात जिन्याच्या वळणावर वरून उकळता खजुराचा पाक ओतायला भोकं आहेत, ती बघून धाकट्याला पन्हाळ्याची आठवण झाली.

आज दिवसभर मत्र्याच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात. शिरल्या शिरल्या लोबानचा वास. आई, तू परतल्यावर कितीतरी वर्षं साड्यांच्या ट्रंकेत लोबानचे खडे ठेवायचीस, तो वास माझ्या मनात तुझ्या साड्यांचा आहे, त्यामुळे इथे बाजारभर तूच हिंडत होतीस. दुकानदारानं सांगितलं, सगळ्यांत चांगला तो होजारी, धोफारच्या डोंगरातला, हिरवट पांढरा. झाडाच्या सालीला चीर देतात, चीक गळतो, वाळला की खरवडून काढतात. तुझ्यासाठी पाव किलो घेतलाय. हलवाही घेतला, केशराचा, गुलाबपाणी घातलेला.

पैसे देताना थोरली गोंधळली. रियालचे हजार बैसे, त्यामुळे पाटीवर दशांशाच्या पुढे तीन आकडे. तिला समजावता समजावता मला १९८६ ची ती रात्र आठवली. रियालचा भाव डॉलरमागे सुमारे दहा टक्क्यांनी उतरवला होता, आणि बाबा तुम्ही वही घेऊन बसला होतात, विश्रामबागेच्या प्लॉटचे हप्ते पुन्हा मांडत. आई शेजारी भाजी निवडत होती. तू हळूच हातातल्या चार बांगड्यांतल्या दोन काढून वहीवर ठेवल्यास. याच सूकमधल्या होत्या त्या. बाबांनी त्या परत तुझ्या हातात चढवल्या आणि म्हणाले, "ओव्हरटाइम आहे." मी झोपलेय असं तुम्हाला वाटत होतं. तेव्हा ठरवलेला रियालचा तो दर आजही तोच आहे. आणि प्लॉटवर तुम्ही आत्ता झोपला आहात ते घर आहे.

एक राहिलं. रुवीचं पोस्ट. घरी टपाल येण्याची पद्धत इथे तेव्हाही नव्हती, सगळी पत्रं पेटीत. गुरुवारी अर्धा दिवस काम संपवून बाबा मला घेऊन जायचे, बारकी चावी माझ्या हातात द्यायचे आणि मला उचलून धरायचे, कारण पेटी वरच्या ओळीत होती. आज दुपारी सूकमधून परस्पर तिकडे गेले, मुलांना यांच्याजवळ सोडून एकटीच. लोखंडी दारांच्या ओळीच्या ओळी, प्रत्येकावर आकडा. तुमचा आकडा इथे लिहीत नाही, तुम्हाला झोपेतही पाठ आहे. पेटी आता माझ्या खांद्याला लागते. दुसऱ्या कुणाची तरी आहे, फटीतून पांढऱ्या पाकिटाची कड दिसत होती. मी बोटानं दारावर टिचकी मारली, आपण रिकामी आहे का ते बघायला मारायचो तशी. भरलेली असली की आवाज बसका येतो. बसका आला.

खिडकी आज आणि काल बंद, आठवड्याची सुट्टी. उद्या रविवारी सकाळी उघडली की तिकीट लावून हे पत्र तिथेच टाकणार आहे. सोमवारी आम्ही निघतोय, तेव्हा पत्राच्या आधी मीच सांगलीला पोचेन. तरी पोस्टमन आला की बाबा तुम्हीच खाली जा आणि घ्या.

दादा-वहिनींना नमस्कार. दादाला सांगा, सोंडेचा विषय निघाला होता.

तुमची
धाकटी

ता. क. बाबा, भिंतीच्या पायथ्याला पडलेला एक खडकाचा तुकडा धाकट्यानं खिशात घातलाय. काळपट हिरवा आहे, वजनाला जड. तुम्ही सांगायचात ना, हे डोंगर म्हणजे समुद्राचा तळ वर आलेला, तेच तो येता जाता सगळ्यांना सांगतोय. तुम्हाला स्वतःच्या हातानं द्यायचाय म्हणे, मला हात लावू देत नाही.